इन्फ्रारेडने पेशी ओळखता येते, म्हणून पॅथॉलॉजिस्ट नकोच?

काचपट्टी:
काल एका सदस्याने इथे लिहिलं की पेशीचा इन्फ्रारेड वर्णपट (ती कुठला इन्फ्रारेड प्रकाश किती शोषते त्याचा आलेख) घेतला की कर्करोग मिनिटभरात कळतो, स्लाइडला रंग लावायला नको, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून रोग ओळखणारा पॅथॉलॉजिस्टही नको, आणि डॉक्टर मंडळी पोटावर पाय येईल म्हणून हे दाबून ठेवतात. मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट; शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

दाबलं कुणी? १९९१ मध्ये वाँग आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या पेशींचे वर्णपट छापले. निरोगी पेशींत ग्लायकोजेनचं (पेशीतल्या साठवलेल्या साखरेचं) शिखर १०२५ च्या आसपास (हे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये किती तरंग बसतात ते) ठळक, कर्करोगाच्या पेशींत खचलेलं. मोठी आशा निर्माण झाली. मग मॅक्स डीम यांच्या गटाने एकेक थर तपासला. ग्लायकोजेन पेशी पक्व होताना साठतं. तळाच्या थरातल्या पूर्ण निरोगी पेशींतही ते नाममात्रच असतं. शिवाय नमुन्यात रक्त, श्लेष्मा, दाहाच्या पेशी आल्या की वर्णपट बदलतो. नमुन्यात कुठल्या थरातल्या पेशी आल्या, यावरच बराचसा निकाल ठरत होता. तपासलं, टिकलं नाही. याला दाबणं म्हणत नाहीत.

तरंगसंख्या:
तुम्ही १९९१ मध्येच अडकला आहात. तेव्हा हजारो पेशींच्या गोळ्याचा मिळून एक वर्णपट घ्यायचे. आता १२८ × १२८ चा डिटेक्टर एका दमात सोळा हजारांवर वर्णपट घेतो, जागेसकट. २००५ मध्ये भार्गव आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या ऊतीतले पेशीप्रकार एकही रंग न लावता वेगळे करून दाखवले. प्रथिनं १६५० ला, फॉस्फेट १०८० आणि १२४० च्या आसपास, मेद २८५० ते २९२० ला. रंग फक्त आकार दाखवतो, इथे रसायन दिसतं. हे न पाहता निकाल देणं म्हणजे खुर्ची सांभाळणं.

काचपट्टी:
खुर्चीवर जाऊ नका. १६५० चं शिखर जरा सरकलं की ‘प्रथिनांची घडी बदलली’ असं लिहून मोकळे होणारे किती निबंध वाचलेत! पेशीचा आकार तरंगलांबीच्या जवळपास, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि या विखुरणामुळेच (शास्त्रज्ञ मी यांच्या नावाने ‘मी-विखुरण’) ते शिखर खाली सरकतं. आधी ती दुरुस्ती करा, मग रसायनाच्या गप्पा.

झायलीन:
मी स्लाइड कापणारी तंत्रज्ञ. हे सगळं साध्या काचेवर करून दाखवा ना! काच २००० च्या खालचा इन्फ्रारेड गिळून टाकते, म्हणजे तुमचा सगळा कामाचा पट्टा गेला. कॅल्शियम फ्लोराइडची चकती लागते. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे, मेण झायलीन या द्रावकाने काढलं की पेशीचा मेदही बराचसा धुऊन जातो, आणि नंतर हेच लोक मेदातल्या फरकावर आलेख काढतात. छेद किती जाड, कुणी कापला, ऊती फॉर्मालिनमध्ये (ती टिकवायच्या द्रावणात) किती वेळ होती, कुणी विचारत नाही. निबंधावर आमचं नाव तर नाहीच.

निनावी_वाचक:
यंत्राला इतकी कलमं लावता, माणसांना का नाही? माझ्या आईच्या बायोप्सीचे दोन रिपोर्ट आले. स्लाइड तीच. एक म्हणाला सौम्य, दुसरा म्हणाला संशयास्पद. ते दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. तुमचं सुवर्णमानक, बाकी सगळं ज्यावर पारखायचं ते, म्हणजे हेच ना?

काचपट्टी:
तुमच्यावर जे गुजरलं ते कुणावर येऊ नये. सीमारेषेवरच्या पेशींबाबत आमच्यात मतभेद होतात, हे नाकारणारा पॅथॉलॉजिस्ट खोटं बोलतो. पण यंत्र शिकतं कुणाकडून? त्याच दोघांनी स्लाइडवर केलेल्या ‘सौम्य’, ‘संशयास्पद’ अशा खुणांवरून. आमचा घोळ यंत्रात उतरला की तो फक्त ठाम दिसायला लागतो.

तरंगसंख्या:
मग खुणांवरून शिकवूच नका! त्या रुग्णाचं पुढे काय झालं, रोग उलटला की नाही, त्यावर शिकवा. ‘सौम्य की संशयास्पद’ हा वादच बाजूला पडतो. निनावी यांच्या आईला दोन शब्द नको होते, पुढे धोका किती ते हवं होतं.

निनावी_वाचक:
नेमकं हेच. आणि ते सांगायला डॉक्टरांना वेळ नव्हता.

काचपट्टी:
वेळेचं म्हणाल तर स्लाइडींचे ढीग आणि माणसं मोजकी, तो राग माझ्यावर काढून काय होणार? पण तरंगसंख्या, हा मुद्दा चांगला आहे, मान्य करावंच लागेल. तरी अचूकतेचे आकडे कसे काढतात ते सांगा. एकाच रुग्णाचे हजारो वर्णपट, अर्धे शिकवायला, अर्धे परीक्षेला! यंत्र रुग्ण ओळखतं, रोग नाही.

तरंगसंख्या:
असे निबंध आहेत, हो. सगळे तसे नाहीत. रुग्णच वेगळे ठेवून केलेलं काम तुम्ही मुद्दाम वगळता.

झायलीन:
रुग्ण वेगळे, पण छेद एकाच मायक्रोटोमवर (छेद कापायच्या यंत्रावर), एकाच हाताने?

काचपट्टी:
तेच. दुसरी प्रयोगशाळा, दुसरे ब्लॉक, दुसरं यंत्र, आणि निकाल आधी सीलबंद. तिथे टिकलं तर पॅप स्मीअरच्या (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीच्या) चाळणीत मी स्वतः ते मागेन. रुग्णाला ‘पॅथॉलॉजिस्ट नको’ असं आज सांगणाऱ्याला मात्र विरोधच करणार.