मदत हवी आहे: टाकी साफ करताना मासा हाताला कडकडून चावतो

हातमागवाला
नमस्कार मंडळी, जरा तातडीने सांगा. टाकीत हात घातला की मासा धावून येतो आणि चावतो. काल अंगठ्याजवळची कातडी सोलली, रक्त आलं. काचेवर हिरवा थर चढलाय, तळाला घाण साचलीय, पाण्याला वास सुटलाय. बायको म्हणते देऊन टाका कुणाला तरी, आणि ते ऐकलं की पोरगं रडायला लागतं. उद्या सकाळी आमच्याकडे नळाला पाणी येणार, मग परत चार-पाच दिवस नाही. जे करायचं ते उद्याच. मासा दुखावू नये आणि हातही शाबूत राहावा अशी टाकी कशी धुवायची? इंटरनेटवर सगळं परदेशातलं सामान दाखवतात, ते इथं मिळत नाही.

भीमातीर
मासा कुठला? टाकी केवढी? फिल्टर कुठला? एकटाच आहे की सोबत आणखी कोण? एवढं तरी सांगा, नाहीतर कोण काय सांगणार?

विजापूरवेस
मालक, एवढा ताप कशाला? मासा बादलीत काढायचा, टाकी मोरीत न्यायची, खडे-बिडे सगळं कपड्याच्या पावडरनं घासायचं, उन्हात वाळवायचं आणि परत भरायचं. आमच्या गोल्डफिशची टाकी अशीच धुतो. आरशासारखी होते.

जलचर
कृपा करून असं काही करू नका. साबणाचा अंश खड्यांत राहतो आणि माशाच्या कल्ल्यांना तो सोसत नाही. दुसरं म्हणजे टाकीत जिवाणू असतात आणि तेच मासा जगवतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने निरुपद्रवी, पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, फिल्टरच्या स्पंजला आणि खड्यांना चिकटून असतात. सगळं एकाच दिवशी चकचकीत केलं की दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो आणि मासा वर येऊन तोंड उघडू लागतो. लोक म्हणतात नजर लागली.

हातमागवाला
फ्लॉवरहॉर्न आहे. चावतो म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. एकटाच आहे. टाकी तीन फुटी. टॉप फिल्टर आहे, त्याचा स्पंज दर वेळी नळाखाली पिळून पांढराशुभ्र करतो, त्यात काही कसर ठेवत नाही. आता हात कसा घालायचा ते सांगा, बाकीचं नंतर बोलू.

भीमातीर
तीन फूट लांब, पण रुंदी-उंची? आणि पाणी भरता ते नळाचं थेट की साठवलेलं? की बोअरचं?

शेंगाचटणी
एक सकर मासा आणून सोडा. शंभरेक रुपयांत मिळतो. काच चाटून साफ करतो, तुम्हाला हात घालायलाच नको. माझ्या भाच्याकडे आहे.

जलचर
फ्लॉवरहॉर्नच्या टाकीत सकर? एक तर फ्लॉवरहॉर्न त्याच्या मागे लागून त्याला जेरीस आणेल, नाहीतर सकर रात्री त्याच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर खरवडेल. सकर स्वतः फूटभर वाढतो आणि भरपूर घाण करतो. मग वैतागून लोक तो तलावात नेऊन सोडतात. परदेशी मासा एकदा आपल्या पाण्यात शिरला की बाहेर निघत नाही. उजनी धरणात चिलापी (तिलापिया) माशाने काय केलं ते भीमेकाठच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा.

शेंगाचटणी
तलावात सोडा असं मी म्हटलेलंच नाही. आणि उजनीच्या चिलापीवर किती घरं चालतात तेही विचारा त्याच मच्छीमाराला.

भीमातीर
चिलापीसाठी वेगळा धागा काढा. ह्यांचं पाणी उद्या सकाळी आहे.

सिव्हिललाईन
मी नर्स आहे, म्हणून हाताचं आधी सांगते. जखम वाहत्या पाण्यात साबणाने नीट धुतली का? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं? जखम भरेपर्यंत उघडा हात टाकीत अजिबात घालू नका. माशांच्या टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू असू शकतो. तो ओरखड्यातून शिरतो. काही आठवड्यांनी तिथे लालसर गाठ येते, दुखत नाही, पण बरीही होत नाही. बहुतेक जण गाठीवर मलम लावत बसतात आणि डॉक्टरांना टाकीचं सांगतच नाहीत. तशी गाठ आली तर ‘घरी माशांची टाकी आहे, मासा चावला होता’ हे आधी सांगायचं. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घ्या, नवे, भांड्यांना वापरलेले नको. आणि नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका.

हातमागवाला
ताई, धुतली लगेच, इंजेक्शनही घेतो. तोंडाने ओढायचं नाही तर नळी सुरू कशी करायची? रुंदी एक फूट, उंची दीड. पाणी नळ आला की पाइप लावून थेट भरतो. उन्हाळ्यात दुसरं कुठलं पाणी आणणार?

जलचर
हेच तर भीमातीर विचारत होते. तीन गुणिले एक गुणिले दीड, म्हणजे साडेचार घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर, तेव्हा तुमची टाकी साधारण सव्वाशे लिटरची. अख्खं पाणी काढायचंच नाही. तिसरा हिस्सा, म्हणजे वीस लिटरच्या दोन बादल्या. तेवढ्याने वास कमी होईल.

थेट नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माशाच्या कल्ल्यांना ते भाजतं आणि स्पंजवरचे जिवाणू मारतं. तुम्ही नळाखाली स्पंज पिळता आणि टाकीही त्याच पाण्याने भरता, म्हणजे दर वेळी टाकी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वास त्याचाच आहे. सोलापुरात आपण पिंपात, हौदात पाणी साठवतोच, ते दोन-तीन दिवस उघडं राहिलं की क्लोरीन उडून गेलेलं असतं. तेव्हा टाकीत साठवणीचं जुनं पाणी घाला आणि नवं पिंपात भरा. पाण्याच्या दिवसाची वाट बघायचं कारणच नाही.

सात_रस्ता
नाहीतर हायपो टाका. पूर्वी फोटो स्टुडिओत वापरायचे तोच, सोडियम थायोसल्फेट. माशांच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून बाटली मिळते, बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा. पण गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी घालू नका. एप्रिलात ते हाताला चटका देतं. आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. सकाळी सातच्या आत काम उरका.

गुरुवारपेठ
टाकी घरात कुठल्या दिशेला आहे? ईशान्येला किंवा उत्तरेला हवी. दक्षिणेला असेल तर मासा चिडका होतो. आमच्या काकांनी दिशा बदलली आणि मासा शांत झाला.

भीमातीर
ती टाकी खिडकीसमोर होती का? दिशा बदलली म्हणजे ऊनही टळलं असणार. हातमागवाल्यांच्या काचेवर हिरवा थर चढतोय त्याचंही कारण तेच असू शकतं. टाकीवर ऊन येतं का? दिवा किती तास चालू असतो?

हातमागवाला
पूर्वेची खिडकी आहे, सकाळचं ऊन येतं. दिवा रात्री झोपेपर्यंत चालू, मासा छान दिसतो म्हणून. पण चावण्याचं कुणीच सांगेना!

सात_रस्ता
सांगतो. खिडकीला पडदा लावा, दिवा दिवसाला सहा-सात तास पुरे. आता चावण्याचं. फ्लॉवरहॉर्न कुठल्या नदीतला मासा नाही. १९९० च्या दशकात मलेशियात सिक्लिड कुळातल्या माशांचे संकर करून तो तयार झाला. ह्या सिक्लिडांना आपली हद्द राखायची सवय असते. तुमचा हात त्याच्या हद्दीत शिरतो म्हणून तो हाकलतो. पोट भरलेलं असलं तरी हाकलतो, त्यामुळे आधी खाऊ घालून काही होत नाही. त्याला बाहेर काढूही नका. एवढा मोठा मासा जाळीत उसळतो, खवले सोलून घेतो, डोळा दुखावतो. त्याला टाकीतच अडवायचा.

गाडीच्या नंबरप्लेट बनवणाऱ्या रेडियमवाल्याकडे अ‍ॅक्रिलिकचं पान मिळतं. टाकीच्या आतली रुंदी मोजून नीट कापून घ्या, चार मिलिमीटर जाडीचं. त्याला बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर छिद्रं पाडून घ्या आणि कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर त्यावर धडकून तोंड फाडून घेईल. दिवा बंद करा. एका टोकाला काचेबाहेर आरसा धरा. तो आरशातल्या माशावर कल्ले फुगवून तिकडे जाईल, तेव्हा मधे पान सरकवा. ह्या बाजूचं काम झालं की पान काढा, आरसा दुसऱ्या टोकाला, परत तेच. आरसा दहा मिनिटांच्या वर नको, दमतो तो.

जलचर
आरशाला माझा विरोध आहे. आधीच चिडलेल्या माशाला अजून का चिडवायचं? अंधार केला आणि जाळी आडवी धरून हळू ढकलला तरी जातो.

सात_रस्ता
तुमचा जात असेल. माझा जाळीचं कापड फाडायचा. ज्याचा मासा त्याने बघावं.

सिव्हिललाईन
विजेचं कुणी बोललं नाही. पाण्यात हात जाण्याआधी फिल्टर आणि दिवा, दोन्हीचे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर प्लगपेक्षा खाली लोंबती असावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी खालीच टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

भीमातीर
नळी सुरू करायचं राहिलं. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. ती मगाने पाण्याने पूर्ण भरा, दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबा. एक टोक टाकीत बुडवा, दुसरं खालच्या बादलीत, आणि अंगठे सोडा. तोंड लावायची गरज नाही. वरचं टोक खड्यांत खुपसत न्या, घाण उठून नळीत येते. अर्धेच खडे करा, अर्धे पुढच्या वेळी. स्पंज उद्या धुऊच नका. पुढे कधी धुवाल तेव्हा टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, मळका दिसला तरी चालेल. काचेला लांब दांडीचा स्क्रॅपर, किंवा जुनं एटीएम कार्ड दांडीला बांधून.

एक विचारायचं राहिलं. हा आधीपासून चावतो की हल्ली?

हातमागवाला
हल्लीच की ओ. आधी हाताला अंग घासायचा, पोरगं त्याच्या डोक्यावरून बोट फिरवायचं. महिनाभरात बिघडला. एका कोपऱ्यातले खडे तोंडाने उचलून लांब टाकतो, काचेपर्यंत खड्डा केलाय. तिकडे हात गेला की संपलं.

सात_रस्ता
मालक, हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं! पोटाखाली, शेपटीच्या बाजूला, बारीक बोथट नळी बाहेर आलीय का बघा. आली असेल तर ती मादी आहे आणि अंड्यांवर आलीय. नर नसला तरी घालते.

जलचर
खड्डा नरही खणतो. नुसत्या खड्ड्यावरून ठरवू नका. नळी बघा.

हातमागवाला
उरकलं. रेडियमवाला रात्री नऊला दुकान बंद करत होता, तेवढ्यात गाठला. अ‍ॅक्रिलिक बसवलं, आरसा न वापरता जाळीनेच सरकवला. पलीकडून पानावर ठोसे मारत होता, ओठ चपटा करून छिद्राला लावायचा, पण ह्या बाजूला माझा हात सुखरूप. पिंपातल्या जुन्या पाण्याच्या दोन बादल्या घातल्या. आणि पोटाखाली नळी आहे! पोराने बॅटरी मारून बघितली. खड्ड्याजवळच्या काचेवर पिवळट दाणेही चिकटलेत, रांगेने. काढून टाकू का? पोरगं म्हणतं पिल्लं होतील.

सात_रस्ता
नर नाही, तेव्हा पिल्लं होणार नाहीत, पोराला आत्ताच सांगा. दाणे दोन-तीन दिवसांत पांढरे पडतील, त्यांना बुरशी येईल, मग पाणी काढायच्या नळीने ओढून घ्या. आत्ता हात लावलात तर ती पान तोडून येईल. तोवर खाद्य कमी, दोन मिनिटांत संपेल एवढंच. अंडी गेली की खडे सपाट करा. बहुतेक आठवड्याभरात निवळते. पण पुन्हा घालेलच, म्हणून पान जपून ठेवा.

विजापूरवेस
आमच्या टाकीच्या काचेवर वरच्या कडेला पांढरे डाग आहेत, पावडरनेही जात नाहीत. ते कशाने जातील?

जलचर
क्षार आहेत ते, बोअरच्या पाण्याचे. कापडाला पांढरं व्हिनेगर लावून पाण्याच्या पातळीवरच्या काचेवर दहा मिनिटं दाबून ठेवा, मग ओल्या कापडाने दोनदा पुसा. व्हिनेगर पाण्यात ठिबकू देऊ नका. आणि ती पावडर आता बंद करा.