मदत हवी आहे: बाबांची दारू आणि झोपेची गोळी

नमस्कार मंडळी. आम्ही पांढरकवड्याकडले, घरी कापसाची शेती. बाबा वय ५८, रोज संध्याकाळी मोहाची घेतात. कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी ट्रामाडॉल दिली अन् झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम. दारूचं बाबांनी तिथं सांगितलंच नाही, आणि लाजेपायी मीही गप्प बसलो.

परवा रात्री पिऊन आल्यावर दोन्ही गोळ्या घेतल्या. दहाच्या सुमारास घशात घरघर, हलवलं तरी नुसतं हूं. मोबाईलवर वेळ लावून श्वास मोजले, मिनिटाला ७! मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. ओठ काळे-निळे पडले होते. कुशीवर वळवलं, १०८ ला फोन केला. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, आता बरे आहेत. तिथल्या सिस्टरनं सांगितलं, दारू आणि या दोन्ही गोळ्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंद करतात, एकत्र आल्या की श्वास थांबूही शकतो.

बाबा म्हणतात, "एका क्वार्टरनं काय होते रे?" गोळ्या मी लपवल्या आहेत. पण रोजची दारू एकदम तोडली तर थरथर, झटके येतात, हेही ऐकलं आहे. मग सोडवायची कशी? यवतमाळ-नागपूरकडे कुणी घरच्यांना भरती करून सोडवली आहे का? किती दिवस ठेवतात, खर्च किती येतो? आणि कंबरेसाठी दुसरं काय मागायचं डॉक्टरांना? आईला रात्रभर झोप नाही, ती उठून उठून त्यांचा श्वास बघते.