'हँडिकॅप' शर्यतीला मराठीत काय म्हणाल?

मूकपटवेडी: मूकपटातल्या पाट्यांचं मराठी करतेय. या वेळी 'द शॅमरॉक हँडिकॅप', १९२६ चा, जॉन फोर्डचा. आयर्लंडमधल्या पैशाची तंगी आलेल्या सरदाराची मुलगी (जॅनेट गेनर) आणि त्यांच्याच पागेतला तरुण स्वार यांचं प्रेम, तो अमेरिकेत जातो, शर्यतीत पडून जायबंदी होतो आणि शेवटी मालकाच्याच घोडीवर बसून मोठी शर्यत मारतो. नावाशीच अडलेय. 'हँडिकॅप' तसंच ठेवलं तर नायक जायबंदी म्हणून लोक भलताच अर्थ घेतील.

रेसवाले काका: अहो ताई, ती वजनाची भानगड. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कच्च्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. जॉकी हलका भरला तर खोगिरापाशी शिशाच्या पट्ट्या घालतात. पुण्याला काय नि महालक्ष्मीला काय, सगळे हँडिकॅपच म्हणतात. बदलू नका.

शब्दप्रेमी: मराठीत शब्द घडवायचाच नाही का मग? 'समभार शर्यत' काय वाईट आहे?

रेसवाले काका: समभार म्हणजे सारखं वजन. नेमकं उलट झालं ना!

शब्दप्रेमी: बरं, 'तुल्यबळ शर्यत' घ्या. वजन कशासाठी घालतात तेच त्यात आलं.

जुनी रोजनिशी: मुळात या शब्दात घोडा नव्हताच. 'हँड इन कॅप', म्हणजे टोपीत हात घालून वस्तूंची अदलाबदल करायचा खेळ होता, किमतीतला फरक पंच ठरवायचा. सॅम्युअल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराच्या १६६० च्या रोजनिशीत त्याचा उल्लेख आहे. घोड्यांकडे नंतर गेला, अपंगत्वाचा अर्थ त्याच्याही नंतरचा. त्यामुळे तुल्यबळ मला पटतंय.

शिलेदार: मला 'स्वार' खटकतंय. घोडा स्वतःचा असेल तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. हा पोरगा मालकाची घोडी पळवतो म्हणजे बारगीरच की! आणि फारसीत बार म्हणजे ओझं, वजनाचा संबंधही आपोआप जुळला.

शब्दप्रेमी: इंग्रजी काढून फारसी आणायची, हे काय मराठीपण?

शिलेदार: तीनशे वर्षं आपल्या बखरींत, कागदपत्रांत वावरलेला शब्द परका कसा? मग पागाही टाका, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दारही टाका, खोगीरसुद्धा फारसी वळणाचंच आहे.

रेसवाले काका: बारगीर लढाईवर जातो हो, रेसला जॉकीच. आणि मोतद्दार आता कोण म्हणतं, तबेल्यात सगळे सईसच म्हणतात.

शिलेदार: आमच्या आजोळी अजूनही मोतद्दारच म्हणतात.

मूकपटवेडी: पाटी दोन ओळींत बसवायचीय, कुणी नावाचं सांगा ना.

शब्दप्रेमी: सईस अरबी आहे, एवढं नोंदवून ठेवतो.