मदत हवी आहे: आखूड केसांच्या आईबापांना लांब केसांची पिल्लं कशी?

शेवंता:
नमस्कार. आमची जर्मन शेफर्ड मादी आखूड केसांची आहे, मेटिंगसाठी आणलेला नरही तसाच. सात पिल्लं झाली, सगळी ठणठणीत. आता पाच आठवड्यांची झाल्यावर त्यातल्या दोघांचं रूप वेगळं दिसायला लागलंय. कानामागे मऊ पुंजके, पायाच्या बोटांमधून बाहेर आलेले केस, शेपटीला झालर.

ठरल्याप्रमाणे एक पिल्लू नराच्या मालकांना द्यायचं आहे. ते बघून म्हणाले, "ही दोन आमच्या कुत्र्याची नाहीत. त्याची आजवरची सगळी पिल्लं आखूड केसांची निघालीत." हीटवर असताना तिला आम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं, त्यामुळे हे ऐकून फार वाईट वाटलं. उलट एक विक्रेता हीच दोन 'डबल कोट' म्हणून जास्त भावाने मागतोय.

असं खरंच होऊ शकतं का? आणि आखूड केसांचं एक पिल्लू मी ठेवणार आहे, त्याच्यातही हा गुण असेल का?

पावशा:
ताई, अगदी होऊ शकतं. केसांच्या लांबीत मुख्य हात एफजीएफ५ या जनुकाचा. केस ठरावीक वाढला की 'आता थांब' हा निरोप हे जनुक देतं. त्यात बिघाड असला की वाढीचा काळ लांबतो आणि केस लांब होतात. प्रत्येक पिल्लाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक जरी धड असली तरी निरोप पोचतो, म्हणून आखूड केस प्रभावी आणि लांब केस अप्रभावी. १९९४ मध्ये उंदरांमधलं हे जनुक निकामी केलं, तेव्हा त्यांनाही लांब केस आले होते.

तुमची मादी नक्की वाहक आहे, म्हणजे तिच्याकडे एक प्रत धड आणि एक बिघडलेली. नरही तसाच असेल तर दर पिल्लाला लांब केसांची शक्यता चारात एक. सातात दोन म्हणजे हिशेबाला धरूनच. त्यांच्या कुत्र्याची आधीची पिल्लं आखूड निघाली कारण त्या माद्या वाहक नसाव्यात. अशा जोडीला लांब केसांचं पिल्लू होतच नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. कुत्र्यांत एकाच विणीत दोन बाप असू शकतात. म्हणून त्यांची खात्री पटवायची तर डीएनएवरून बापाची चाचणी करा. नुसते लांब केस हा दुसऱ्या बापाचा पुरावा होत नाही.

भावाचं म्हणाल तर फसू नका आणि कुणाला फसवूही नका. 'डबल कोट' म्हणजे वरच्या केसांखाली आतली दाट लव, आणि ती आखूड केसांच्या शेफर्डलाही असते.

रानजाई:
मांजरं आणि अंगोरा सशांतही लांब केस असेच अप्रभावी. पण हा नियम सगळ्या प्रकारच्या केसांना लावू नका. डॅक्सहुंडचे तारेसारखे राठ केस वेगळ्या जनुकामुळे येतात आणि ते प्रभावी असतात.

शेवंता:
मनावरचं ओझं उतरलं, मनापासून आभार! चाचणीचा खर्च मी करते असं त्यांना आजच कळवते. ठेवणार असलेल्या पिल्लाचं कसं ओळखायचं?

पावशा:
नुसतं बघून नाही ओळखता येत. दोन्ही पालक वाहक धरले तर आखूड केसांचं प्रत्येक पिल्लू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. गालाच्या आतून काडीने नमुना घेऊन तपासता येतं. ते वाहक निघालं तरी तब्येतीला काही धोका नाही. पुढे मेटिंग करायचंच झालं आणि जोडीदार वाहक नसला, तर सगळी पिल्लं आखूड केसांची होतील, साधारण निम्मी मात्र वाहक असतील.