मेणवलीच्या घाटाचा काळा दगड जर्नलमध्ये कसा उतरवायचा?

घाटवेडी:
माझं माहेर वाईचं, त्यामुळे मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर वही घेऊन बसणं होतं. पायऱ्या जमतात, पण दगड जमत नाही. काळा जलरंग लावला की सपाट डांबरी रस्ता दिसतो. फाउंटन पेनच्या रेषेवर ब्रश फिरवला की शाई वाहते. वही १४० जीएसएमची (दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आहे, पान फुगतं. काय काय करून बघू?

बोरूबहाद्दर:
ताई, आधी ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त घेतलात तर ओला दगड, तपकिरी जास्त तर उन्हातला. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, निम्मा खडबडीतपणा तिथेच येतो.

उरलेल्यासाठी देवघरातली मेणबत्ती. पेन्सिलीचं काम आधी उरका, मेणावर पेन्सिल चालत नाही. मग पायऱ्यांच्या उजेडाकडच्या कडांवर मेणबत्ती आडवी धरून हलकेच घासा आणि वरून गडद वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, द्या. मेण लागलं तिथे पांढरे ठिपके सुटतात, बसाल्टची, म्हणजे या काळ्या दगडाची, भोकं आयती मिळतात. कागद गुळगुळीत असेल तर मात्र ही मजा नाही.

शाई वाहते म्हणून रडू नका, वाहू द्या! सावलीच्या बाजूची रेषच फाउंटन पेनने काढा, ओल्या ब्रशने ओढा, सावली तयार. न हलणारी रेष हवी तर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या, पण ती बोरूने किंवा टाकाने. फाउंटन पेनमध्ये भरलीत तर पेन कायमचं चोंदेल.

पान फुगणारच. पाणी कमी घ्या, चारी बाजूंनी क्लिपा लावा. खूप पाणी खेळवायचं तर ३०० जीएसएमचे सुटे कागद वापरून नंतर वहीत चिकटवा.

रंगारी_आजी:
खडेमीठ राहिलंच की! वॉशची चमक जाता जाता चिमूटभर टाकायचं, पूर्ण वाळल्यावर झटकायचं. शेवाळाचे डाग हुबेहूब येतात. पावसाळ्यात मात्र एक खडाही वहीत राहू देऊ नका, ओल धरतो.
आणि हळदीच्या पाण्याचा वॉश द्या, वाळल्यावर त्यावर खायच्या सोड्याचं पाणी ब्रशने लावा. पिवळ्याचा विटकरी होतो. नातीला जादू वाटते, मलाही वाटते.

घाटवेडी:
मेणबत्ती आज घरच्या उंबऱ्याचं चित्र काढून वापरली. कडा झकास आल्या! अल्ट्रामरीन सध्या वड्यांच्या पेटीतलाच आहे, त्याचे कण फारसे दिसत नाहीत. आजी, हळद टिकते का? घाटावरच्या देवळातली पोर्तुगीज घंटा त्या विटकरीत काढावी म्हणते.

रंगारी_आजी:
उन्हात उडते गं. भिंतीवर लावायच्या चित्राला नको. वही मिटलेली असते, तिथे खुशाल वापर.

बोरूबहाद्दर:
वडी ओली करून दहा मिनिटं ठेवा, मग दाट रंग उचला. नाहीच जमलं तर अल्ट्रामरीनची एकच सुटी ट्यूब आणा, पूर्ण सेट नको.