बोटीवर सोलरच्या उरलेल्या विजेवर पाणी तापवता येईल का?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

बोटीच्या छपरावर ४०० वॉटचे सोलर पॅनल आहेत, खाली १२ व्होल्टची लिथियम बॅटरी. ऊन चांगलं असलं की दुपारपर्यंत बॅटरी भरते आणि पुढची वीज नुसती वाया जाते. दुसरीकडे अंघोळीच्या पाण्यासाठी इंजिन चालवावं लागतं. नांगर टाकून निवांत बसल्यावर तो आवाज आणि डिझेलचा वास नको होतो.

टाकी ४० लिटरची आहे. इंजिनाच्या गरम पाण्याची नळी तिच्यातून फिरते, शिवाय धक्क्यावरच्या विजेसाठी २३० व्होल्टची ७५० वॉटची कॉइल आहे. ४० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण १.४ युनिट लागतात. पॅनल सपाट, त्यात डोलकाठीची सावली. दिवसाला दीड युनिट मिळाली तरी फ्रिजचा हक्क पहिला! त्यामुळे कोमट पाण्यावरही मी खूश आहे.

ती कॉइल इन्व्हर्टरवर लावली तर बॅटरीतून ७० अँपिअरच्या आसपास करंट ओढेल. त्यापेक्षा १२ व्होल्टची ३०० वॉटची कॉइल बरी का? की पॅनल थेट कॉइललाच जोडू? (छपरावर सोलर वॉटर हीटर बसवा असं कृपया सांगू नका, जागा नाही.)

प्रतिसाद: थेट अजिबात जोडू नका. ढग आला की व्होल्टेज कोसळतं, आणि व्होल्टेज निम्मं झालं की कॉइलची उष्णता पाववर येते. १२ व्होल्टचीच घ्या, २५ अँपिअर बॅटरीला जड नाही. पण टाकीचा थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा स्विच) बहुधा एसी करंटचा, म्हणजे धक्क्यावरच्या विजेसाठीचा असेल. त्यावरून बॅटरीचा डीसी करंट तोडायला गेलात तर ठिणगी विझत नाही, काँटॅक्ट चिकटतात आणि पाणी उकळतच राहतं. थर्मोस्टॅटने फक्त रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) चालू-बंद करायचा. कॉइलचा करंट डीसीसाठी बनवलेल्या रिलेतून जाऊ द्या. वायर जाड, फ्यूज बॅटरीजवळ. आणि टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालतोय ना, तेही बघा.

धागाकर्ता: धन्यवाद, थर्मोस्टॅटचं डोक्यातच नव्हतं. अजून एक अडचण आहे. बॅटरी उतरत असली तरी लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास तेवढंच राहतं, मग फ्रिजपुरती वीज राखून रिले बंद करायचा व्होल्टेजचा आकडा कसा ठरवायचा? बॅटरी मॉनिटर (बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारं मीटर) दाखवतो त्या टक्केवारीवर रिले चालवणारं इथे कोणी आहे का?