मदत हवी आहे : मॉर्टलेकची तंबूच्या आकाराची कबर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन लंडनला जातोय. त्यात मॉर्टलेकच्या सेंट मेरी मॅग्डालेन या कॅथलिक चर्चच्या आवारातली रिचर्ड बर्टनची कबर बघायचीच आहे. १८५३ मध्ये वेष पालटून मक्केला जाऊन आलेला इंग्रज प्रवासी आणि लेखक, तोच बर्टन. तरुणपणी तो मुंबईच्या लष्करात होता आणि मराठीची परीक्षाही पास झाला होता, म्हणून बाबांना भारी उत्सुकता.

कबर म्हणजे चक्क दगडी तंबू! कापडाच्या चुण्यासुद्धा दगडात कोरल्यात. तो १८९० मध्ये गेला, मग पत्नी इझाबेलने हे बांधून घेतलं. १८९६ पासून तीही तिथेच आहे. आत उंटांच्या घंटा टांगल्यात. मागे लोखंडी शिडी आहे, तिच्यावर चढून काचेतून दोघांच्या शवपेट्या दिसतात. (आईने आधीच सांगितलंय, ती चढणार नाही.)

कुणी जाऊन आलंय का? सत्तरीतल्या माणसाला ती शिडी झेपेल का? काचेतून फोटो नीट येतात की टॉर्च लागतो? आणि आवार रोज उघडं असतं का? वॉटर्लूहून ट्रेनने मॉर्टलेकला उतरायचा बेत आहे; स्टेशनपासून बाबांना चालवत न्यावं की टॅक्सी करावी?